मंडळी बदलापूर-विरारला आणि चर्च भायखळ्याला: अशा मंडळीची सेवा कशी बांधावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरणगावाजवळची जुनी मराठी ख्रिस्ती मंडळी (म्हणजे एका चर्चचे सभासद), पटावर, म्हणजे सभासदांच्या यादीत, १२० कुटुंबे. त्यांतली निम्म्याहून अधिक आता डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार, पनवेल अशी पांगली आहेत. रविवारच्या उपासनेला साठ-सत्तर माणसे येतात, तीही बहुतेक पन्नाशीच्या पुढची. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीत दोन मते आहेत: काहींना बस लावायची आहे, काहींना बदलापूरला जागा घेऊन दुसरे चर्च बांधायचे आहे. शिवाय चर्चमागच्या वस्तीतल्या मुलांसाठी काही सुरू करावे, अशी तरुण संघाची इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी?

बस लावू नका आणि जागाही आत्ता घेऊ नका. पहिली दोन वर्षे घरसभांवर, म्हणजे जवळजवळच्या घरांनी आळीपाळीने एकमेकांकडे भरवायच्या प्रार्थनासभांवर घाला. वस्तीतले काम त्याच वेळी सुरू करता येईल, पण त्याची माणसे वेगळी ठेवा.

या जुन्या चर्चच्या जागा अशा का निवडल्या गेल्या, ते आधी लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे मिशनचे मोठे काम अहमदनगरकडे उभे राहिले. नगर, जालना, सातारा, सोलापूर भागांतली ख्रिस्ती कुटुंबे गिरण्यांत, रेल्वेत, इस्पितळांत आणि नगरपालिकेत कामाला मुंबईला आली, ती भायखळा-परळ-गिरगावच्या आसपास राहिली. उपासनेला लोक चालत येत. पाळकसाहेब (पास्टर) संध्याकाळी एका चाळीत शिरले की चार घरे करून बाहेर पडत. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले आणि कुटुंबे रेल्वेच्या शेवटच्या स्थानकांपर्यंत सरकली. इमारत तिथेच राहिली, पण त्या चालत जायच्या अंतरावरची सेवा संपली. तेच अंतर पुन्हा जोडायचे आहे, आणि बसने ते जुळत नाही. बस माणसाला रविवारी दीड तास उचलून आणते. बुधवारी त्याच्या घरी कोणी आजारी पडले तर शेजारच्या इमारतीतला विश्वासी कोण हे त्याला माहीत नसते.

पहिले काम पटाचे. पटातल्या पत्त्यांपैकी बरेच जुने असतात, म्हणून फोन करून प्रत्येक कुटुंबाच्या नावापुढे चार गोष्टी नव्याने लिहा: स्थानक, पूर्व की पश्चिम, स्थानकापासून घरी कसे जातात (चालत, शेअर रिक्षा, बस), आणि घरातली कमावती माणसे किती वाजता परत येतात. पूर्व-पश्चिम मुद्दाम विचारा. नकाशावर एक किलोमीटरवर दिसणारी दोन घरे रुळांच्या दोन बाजूंना असली, तर रात्री साडेआठला म्हातारी बाई पूल चढून जात नाही आणि त्या घरांचा गट तीन महिन्यांत बंद पडतो. घर ते घर वीस मिनिटे चालत किंवा एकच शेअर रिक्षा, एवढीच मर्यादा धरा. या हिशेबाने १२० कुटुंबांचे साधारण चौदा-पंधरा गट पडतात, प्रत्येकी आठ-नऊ घरांचे. सगळे एकदम सुरू करू नका. घरे आधीच एकमेकांना ओळखतात असे तीन गट निवडा आणि सहा महिने तेवढेच चालवा.

डिसेंबरमधली कॅरल राउंड, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघरी जाणे, या कामाला फार उपयोगी आहे. तेव्हा सगळ्या घरी जाणे होतेच. प्रत्येक राउंडबरोबर वही घेतलेले एक माणूस ठेवा आणि कोणाकडे आजारी आहे, कोणाची सून बाहेरगावची आहे, कोणाच्या शेजारी दुसऱ्या मंडळीचे मराठी कुटुंब राहते हे त्याच रात्री लिहून घ्या.

वेळ ठरवताना कमिटीची सोय बघू नका. बदलापूरहून दक्षिण मुंबईत नोकरीला येणारा माणूस रात्री नऊच्या सुमारास घरी पोहोचतो. आठवड्याच्या मधल्या वारी सभा ठेवली तर फक्त निवृत्त माणसे येतील. शनिवारी रात्री साडेआठ किंवा रविवारी संध्याकाळी पाच या वेळा चालतात. बायकांची वेगळी सभा असेल तर दुपारी तीन ते चार बरी, पण आधी पाण्याची वेळ विचारा. ज्या इमारतीत पाणी साडेतीनला येते तिथे साडेतीनची सभा म्हणजे रिकामी खोली. रविवारी चर्चमध्ये यायचे असेल तर रेल्वेचा मेगाब्लॉक आडवा येतो. तो बहुतेक सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत असतो, म्हणून दहाच्या उपासनेला आलेले लोक परतताना अडकतात, आणि लहान मूल असलेले कुटुंब पुढच्या महिन्यात येत नाही. उपासना साडेआठला घेऊन दहाच्या आत सोडा. ज्या महिन्यात सगळ्यांनी यायचे आहे त्या महिन्यात ब्लॉकची घोषणा शुक्रवारी-शनिवारी बघून संदेश पाठवा.

घरसभा एका तासात संपली पाहिजे. दहा-बारा मिनिटे गाणी, एक स्तोत्र सगळ्यांनी आलटूनपालटून वाचायचे, मग दहा-पंधरा वचनांचा एकच उतारा आणि त्यावर वीस मिनिटे बोलणे. शेवटची पंधरा मिनिटे एकमेकांसाठी प्रार्थना. यात संदेश नाही, हे जाणूनबुजून. घरसभेत संदेश ठेवला की चांगला बोलणारा एकजण उभा राहतो आणि बाकीचे श्रोते होतात. त्याऐवजी तीन प्रश्न पुरतात: या उताऱ्यात देव कसा दिसतो, यात कळले नाही असे काय आहे, आणि या आठवड्यात आपल्याला काय करायचे आहे. उतारे सलग घ्या. मार्काचे शुभवर्तमान सोळा अध्यायांचे आहे, ते या गतीने वर्षभर सहज पुरते. दर आठवड्याला नवा विषय शोधणारे गट लवकर थकतात.

गाण्यांबाबत एक आग्रह. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर मराठी मंडळीला अभंग, ओवी आणि भजनाच्या चाली दिल्या. त्या घरात बसून, टाळ आणि ढोलकीवर गाता येतात. माइक लागत नाही, की-बोर्ड लागत नाही. उपासनासंगीत या गीतांच्या पुस्तकातली पंचवीस-तीस गीते जुन्या बायकांना तोंडपाठ असतात. इंग्रजी माध्यमात शिकलेली नातवंडे हिंदी कोरस गातात आणि देवनागरी अडखळत वाचतात. दोन जुनी गीते आणि एक त्यांचे, असे धरा आणि शब्द मोठ्या देवनागरी टायपात छापून द्या. रोमन लिपीत देण्याचा मोह होईल, पण तसे केले तर मुले बायबलही मराठीतून वाचायची थांबतात. एका मुलाला दर आठवड्याला उतारा आधी सांगून ठेवा, घरी दोनदा वाचून आला की सभेत नीट वाचतो.

खाण्याचा नियम पहिल्याच दिवशी सांगा: चहा आणि बिस्कीट, दुसरे काही नाही. ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण बरेच गट इथेच मोडतात. पहिल्या घरी चहा-पोहे, दुसऱ्या घरी समोसे, तिसऱ्या घरी केक, आणि चौथ्या घरची बाई, जिचा नवरा कामावरून सुटलेला आहे, ती आपल्या पाळीच्या आठवड्यात गावाला जाते. मग ती परत येतच नाही. ज्याला जेवण घालायचे आहे त्याने वाढदिवसाला वेगळे घालावे.

प्रत्येक गटाला दोन पुढारी द्या, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, आणि ते एकाच घरचे नसावेत. नवरा-बायकोच पुढारी असले तर त्यांच्या घरच्या भांडणाबरोबर गट बंद पडतो. सगळ्या पुढाऱ्यांनी महिन्यातून एकदा पाळकसाहेबांबरोबर दोन तास बसावे. त्यात पुढच्या चार उताऱ्यांचा अभ्यास आणि कुटुंबांची विचारपूस, एवढेच. तुमच्या मंडळीत पूर्वी बायबलबाई (घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या बायका) असतील तर त्यांच्या कामाची पद्धत जुन्या माणसांकडून समजून घ्या. पगार कमी, शिक्षण बेताचे, पण कोणत्या घरात काय चालले आहे हे त्यांना माहीत असे. आज तीच जागा गटातल्या बायका भरून काढू शकतात.

पाळकाच्या भेटींचा हिशेब कागदावर मांडा. आठवड्याला पाच घरे केली तर १२० घरांना चोवीस आठवडे लागतात, म्हणजे एका घराला वर्षातून दोन भेटी. लांबचा प्रवास, लग्ने, अंत्यविधी आणि डायोसीसच्या (धर्मप्रांताच्या) बैठका धरल्या तर यापेक्षा जास्त होत नाही. म्हणून नेहमीच्या भेटी गटाने कराव्यात आणि पाळकाने आजारी, नुकतेच मयत झालेले घर, बाळंतपण, तुटत आलेला संसार आणि तुरुंग-व्यसन अशा ठिकाणी जावे. शिवाय दर दोन महिन्यांनी प्रत्येक गटाच्या सभेला हजर राहावे आणि प्रभूभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) द्यावे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या मंडळींत प्रभूभोजन दीक्षित पाळकानेच द्यायचे असते, ते गटपुढाऱ्यांवर सोडता येत नाही. याच कारणाने दुर्लक्षित गट हातचे जातात. दूरच्या उपनगरात वर्षभर पाळक फिरकला नाही, प्रभूभोजन नाही, मुलांचा बाप्तिस्मा लांबला, तर तिथला एखादा स्वतंत्र उपदेशक दर रविवारी दारात येतो आणि दीड वर्षात आख्खा गट त्याचा होतो. त्याला दोष देऊन काही होत नाही, कारण तो येत होता आणि आपण येत नव्हतो. गट सहा महिने टिकला की त्याचा एक प्रतिनिधी पास्टोरेट कमिटीत बसवा. आपले म्हणणे जिथे ऐकले जाते ती मंडळी लोक सोडत नाहीत.

पैशांत सगळ्यात कडक राहा. गटात दानार्पण घेतलेच तर दोघांनी तिथेच मोजून वहीत लिहायचे, दोघांच्या सह्या, आणि रविवारी किंवा सोमवारी खात्यात. पुढाऱ्याच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नको. गटात भिशी चालू देऊ नका. भिशी बायकांना फार उपयोगी पडते, पण ती प्रार्थनेच्या खोलीत आली की हप्ता चुकलेली बाई प्रार्थनेलाही येत नाही. मंडळीने कर्जही देऊ नये. मदत द्यायची तर मदत म्हणूनच द्यावी: तिघांची समिती, एका कुटुंबाला एका वर्षात किती याची ठरलेली मर्यादा, आणि रक्कम शाळेला, औषधवाल्याला किंवा इस्पितळाला थेट. नावे समितीबाहेर जाऊ नयेत. घरसभेत प्रार्थनाविनंती म्हणून कोणाच्या कर्जाची गोष्ट निघाली की ती रविवारपर्यंत सगळ्या लाइनीवर पोहोचते, म्हणून पुढाऱ्यांना हे पहिल्याच बैठकीत बजावा.

आता शेजारी. सोसायटीत दर आठवड्याला एकाच फ्लॅटमध्ये पंधरा-वीस माणसे जमली की तक्रार होते, आणि बहुतेक वेळा ती धर्मावरून सुरू होत नाही. दारात चपलांचा ढीग, लिफ्टची रांग, पाहुण्यांच्या गाड्या, इथून ती सुरू होते. घरे फिरती ठेवा. चपला आत घ्या. सभा साडेनऊला संपवा. माइक कधीही नको. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, इतर वेळीही लेखी परवानगी लागते, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. टाळ आणि ढोलकीसुद्धा नऊनंतर हळू. शेजारच्यांना पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा की आमच्याकडे प्रार्थना असते, आणि नाताळचा फराळ त्यांच्या घरी पोहोचवा. न सांगता जमणाऱ्या माणसांबद्दल संशय लवकर येतो.

मृत्यू हा दूरच्या गटांचा सगळ्यात अवघड प्रसंग असतो, आणि मंडळी आपली आहे की नाही हे घरचे लोक त्याच दिवशी ठरवतात. कुटुंब बदलापूरला, वडिलांची कबर शिवडीला, पाळकसाहेब भायखळ्याला. रात्री अकराला माणूस घरीच वारला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण देणार, हा पहिला अडथळा. इस्पितळात मृत्यू झाला तर तिथून कागद मिळतो, घरी झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून घ्यावा लागतो, आणि त्या कागदाशिवाय दफनाची परवानगी मिळत नाही. प्रत्येक गटाने एक पान तयार ठेवावे: रात्री येणारा जवळचा डॉक्टर, शववाहिका, शवपेटी करणारा, कबरस्तानाच्या कार्यालयाची वेळ, कुटुंबाच्या कबरीचा क्रमांक आणि पावती कोणाकडे आहे. मुंबईत जागा इतकी अपुरी आहे की जुन्या कबरी ठराविक काळाने पुन्हा वापरल्या जातात. पावती सापडत नसेल तर शेवटच्या घटकेला वाद होतात, म्हणून हे कुटुंब धडधाकट असतानाच विचारा. मयतानंतर चाळीस दिवस गटातल्या कोणीतरी आठवड्यातून एकदा त्या घरी जावे. मेमोरियलच्या प्रार्थनेला सगळे येतात, मधल्या सहा आठवड्यांत कोणी फिरकत नाही.

मग भायखळ्याच्या इमारतीचे काय? आठवड्याचे सहा दिवस ती बंद असते आणि तिच्या आसपास जेजे, केईएम, टाटा मेमोरियल अशी इस्पितळे आहेत. तिथे नगर, बीड, जालन्याहून रुग्ण येतात. त्यांतले काही तुमच्या सभासदांच्या गावचेच असतात. राहायची सोय करण्याच्या मागे लागू नका. स्वच्छता, सुरक्षितता, परवानग्या हे एका लहान मंडळीला झेपत नाही, आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा ते काम अनुभवाने करतात. तुम्ही कागदांची धावपळ करा. मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि ओळखपत्र लागते. इस्पितळात त्या योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसतो, आणि सरकारी-पालिका इस्पितळांत समाजसेवा विभागही असतो. गावाहून आलेल्या माणसाला हे कुठल्या खिडकीवर आहे तेच कळत नाही. निवृत्त झालेली दोन माणसे आठवड्यातून दोन सकाळी तिथे उभी राहिली तर पैशांपेक्षा मोठे काम होते. वॉर्डात जायचे ते भेटीच्या वेळेत. प्रार्थना रुग्णाने मागितली तरच करायची, हळू आवाजात, त्याच्याच खाटेपाशी.

इमारतीतली एक खोली दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी सभेला देता आली तर जरूर द्या. मात्र दारात मंडळीचा माणूस बसवून नावे लिहून घेऊ नका, निनावीपणावरच ती सभा चालते. तुमच्या गटांतल्या घरांतही दारू आहे. कधीतरी त्यांतला एखादा बापही त्या खोलीत येऊन बसेल.

वस्तीतल्या मुलांसाठी तरुण संघाने पहिल्यांदा काय वाटायचे याची यादी करू नये. नाताळात ब्लँकेट आणि वह्या वाटणे सोपे असते, आणि त्यानंतर अकरा महिने कोणी तिकडे जात नाही हे वस्तीला बरोबर लक्षात राहते. दोन महिने फक्त भेटा: अंगणवाडी सेविका, आशा सेविका, पालिकेच्या शाळेचे मुख्याध्यापक, गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते. विचारा की तिसरी ते पाचवीतली कोणती मुले वाचू शकत नाहीत. बहुधा तीच गरज निघेल. वर्ग जूनमध्ये सुरू करा, शाळेच्या वर्षाबरोबर. दोन मोठी माणसे, जास्तीत जास्त पंधरा मुले, संध्याकाळी साडेपाच ते सात, आठवड्यातून चार दिवस, बालभारतीच्याच पुस्तकांवर. ऑक्टोबरमध्ये उत्साहाने सुरू केलेला वर्ग दिवाळीच्या सुटीत बंद पडतो आणि मुले परत येत नाहीत.

अभ्यासवर्गात उपासना घालू नका. संडेस्कूल वेगळ्या दिवशी, वेगळ्या नावाने, पालकांच्या लेखी संमतीने घ्या. अभ्यासाला म्हणून बोलावून प्रार्थना शिकवली तर आई-बापांचा विश्वास जातो, आणि तो जाणे योग्यच आहे. दार उघडे, एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर कधीही नाही, मुलांचे फोटो ग्रुपवर नाहीत. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीत चौकशी करून मिटवणे हा गुन्हा लपवणे ठरते, मग आरोपी कोणीही असो. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

वस्तीतले काही लोक पुढे उपासनेला येतील, बाप्तिस्म्याबद्दल विचारतील. तेव्हा कायदा स्पष्ट सांगा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. महाराष्ट्रात ते इतर मागासवर्गात येतात. मुलाची शिष्यवृत्ती, नोकरी, घरकुल यांवर याचा परिणाम होतो. हा कायदा अन्यायकारक आहे असे मंडळीने म्हणावे, तसे म्हणायला हवेच. पण एखाद्या कुटुंबाला त्याची किंमत न सांगता पाण्यात उतरवणे हा त्याहून जवळचा अन्याय आहे. वर्षभर त्यांना शिक्षण द्या, घरच्या सगळ्यांशी बोला, निर्णय त्यांचा असू द्या. मदत आणि बाप्तिस्मा यांची एकमेकांशी सावलीही पडू नये, म्हणून मदत समितीत आणि बाप्तिस्मा-वर्गात एकच माणूस ठेवू नका.

बदलापूरच्या जागेचा प्रश्न शेवटी येतो. एका भागातले तीन-चार गट दीड वर्ष नियमित चालले आणि एकत्र आले की चाळीस-पन्नास माणसे होतात. तेव्हा महिन्यातून एक रविवार शाळेच्या हॉलमध्ये उपासना ठेवा, पाळक सकाळी तिथे आणि भायखळ्याला त्या दिवशी मंडळीच्या वडिलांनी (निवडलेल्या ज्येष्ठ सभासदांनी) उपासना चालवायची. वर्षभराने महिन्यातून दोन रविवार. भाडे त्या भागाच्याच दानार्पणातून निघते का ते बघा. निघत नसेल तर जागा विकत घेण्याची बोलणी थांबवा. त्यासाठी भायखळ्याची जमीन विकायचा विचार कोणी मांडेल. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि जमीन बहुधा वेगळ्या मालमत्ता-ट्रस्टच्या नावावर असते. आधी मालमत्तेचा उतारा आणि ट्रस्टची परिशिष्ट-१ ची (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीची) नक्कल काढा, विश्वस्तांच्या बदलाचे अर्ज वेळेत दाखल झाले आहेत का ते तपासा. ही कागदपत्रे गोळा करायला बरेच महिने जातात, म्हणून ते काम आजच एका जबाबदार माणसाकडे सोपवा आणि तीन घरसभा पुढच्या महिन्यात सुरू करा.